चूक कुठल्या दिशेला गेली?

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या जर्नलात प्रयोगाच्या शेवटी एक ओळ हमखास सापडते : 'मानवी चुकांमुळे उत्तरात थोडा फरक आला आहे.' कोकणातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते. ही ओळ दिसली की मी तिच्याखाली लाल पेनाने विचारते, 'कोणती चूक? तिच्यामुळे उत्तर वाढलं की घटलं?' मुलं जर्नल घेऊन परत येतात आणि म्हणतात, "मॅडम, चूक ती चूकच. तिच्यात वाढ-घट कसली?"

माझ्या मते प्रयोगशाळेतलं शिकणं याच प्रश्नापासून सुरू होतं. प्रयोगातल्या त्रुटीला नाव असतं. ती उत्तराला ठरावीक बाजूला ढकलते. किती ढकलते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. एवढं सांगता आलं, तर उत्तर पुस्तकाबरहुकूम आलं नाही तरी त्या मुलाला प्रयोग कळला असं मी धरते. ते सांगता येत नसेल, तर नेमकं जुळलेलं उत्तरही मला त्याच्याबद्दल काहीच कळू देत नाही.

ज्यांनी विज्ञान शाखेचं तोंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी एक प्रयोग सांगते. टायट्रेशन, मराठी पुस्तकात 'अनुमापन'. ब्युरेट म्हणजे ५० मिलिलीटरच्या खुणा असलेली लांब, उभी काचनळी. खाली तोटी, शून्याची खूण वर, पन्नासाची खाली, आणि प्रत्येक मिलिलीटरचे दहा भाग. तिच्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण भरतात. पिपेट नावाच्या दुसऱ्या नळीने मोजून १० मिलि ऑक्झॅलिक आम्ल शंकूच्या आकाराच्या चंबूत घेतात, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकतात आणि वरून सोडा थेंब थेंब सोडत चंबू हलवत राहतात. आम्ल संपलं की पुढच्या थेंबाला द्रावण फिकट गुलाबी होतं. तिथे तोटी बंद. सोडा किती लागला ते ब्युरेटवर वाचायचं. पहिलं वाचन अंदाजाचं, त्याला मुलं 'पायलट' म्हणतात. नंतर एकसारखी वाचनं मिळेपर्यंत प्रयोग पुन्हा करायचा. जुळलेल्या वाचनाला आमच्याकडे 'सीबीआर' म्हणतात.

दिसायला सोपं काम. पण सुरुवातीच्या धुण्यापासूनच त्यात फाटे फुटतात. ब्युरेट, पिपेट आणि चंबू ही तिन्ही भांडी मुलं नळाखाली धुतात आणि तिन्हींना सारखीच वागणूक देतात. ब्युरेट पाण्याने ओली राहिली तर आत भरलेला सोडा पातळ होतो. पातळ सोडा जास्त लागतो, वाचन वाढतं. पिपेट पाण्याने ओली राहिली तर आम्ल पातळ होतं. मग त्या १० मिलिमध्ये आम्ल कमी, सोडा कमी लागतो, वाचन घटतं. म्हणून या दोन्ही नळ्या शेवटी ज्या त्या द्रावणानेच विसळायच्या. चंबू मात्र शुद्ध पाण्याने ओला राहिला तरी काही बिघडत नाही, कारण आत पडलेलं आम्ल आधीच मोजलेलं आहे. पाण्याने ते पसरेल, कमी होणार नाही. उत्साहाच्या भरात एखाद्याने चंबूही आम्लाने विसळला, तर भिंतीला चिकटलेलं ते जादा आम्ल हिशेबात न येता चंबूत राहतं आणि वाचन वाढतं. एकच क्रिया, तीन भांडी, तीन वेगवेगळे परिणाम. हे 'मानवी चूक' या दोन शब्दांत कसं मावणार?

ब्युरेटच्या खालच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकून राहतो. प्रयोग चालू असताना तो निसटला, तर त्याची जागा सोडा भरून काढतो. वर पातळी उतरते, पण तेवढा सोडा चंबूत पडलेलाच नसतो. वाचन वाढलं. भरताना वापरलेलं नरसाळं ब्युरेटच्या तोंडावर तसंच राहिलं आणि त्यातून एक-दोन थेंब आत गळले, तर पातळी हवी तेवढी उतरत नाही. वाचन घटलं. पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब मुलं फुंकून काढतात. पण नेहमीच्या पिपेटवरची खूण तो थेंब टोकात राहणार हे धरूनच केलेली असते. फुंकलं की आम्ल जास्त पडतं आणि वाचन पुन्हा वाढतं.

वाचन घेण्याचीही एक गंमत आहे, आणि ती मी वर्गात हटकून करून दाखवते. आमच्या प्रयोगशाळेतली टेबलं उंच, त्यांच्यावर स्टँड, स्टँडवर ब्युरेट. शून्याची खूण बहुतेक मुलींच्या डोक्याच्याही वर जाते. एक चणीने लहान मुलगी टाचा उंचावून, मान वर करून पातळी शून्यावर आणत होती. शेवटचं वाचन मात्र डोळ्यांसमोर येत असल्यामुळे नीट घ्यायची. तिची तिन्ही वाचनं एकमेकांशी जुळत होती आणि शेजारच्या सगळ्यांपेक्षा थोडी कमी होती. तिला वाटलं आपला हात वाईट. मी तिला स्टूल दिलं आणि म्हटलं, "आता बघ गं, पातळी कुठे आहे?" पातळी शून्याच्या खुणेच्या वर होती. खुणा नळीच्या पुढच्या काचेवर असतात आणि द्रवाची पातळी तिच्या मागे, नळीच्या मध्यात. खालून पाहिलं की नजरेची रेषा पुढची काच पातळीच्या खाली छेदते, म्हणून पातळी आहे त्याहून खाली भासते. शून्य समजून ती सुरुवात शून्याच्या वरून करत होती. तेवढा सोडा न मोजताच जात होता. तिचा हात चांगलाच होता. दोष टेबलाच्या उंचीचा होता, आणि त्या त्रुटीचं नाव होतं पॅरॅलॅक्स. ती सगळ्यांना एकाच दिशेला ओढत नाही: वरून वाकून पाहणाऱ्या उंच मुलाची तीच त्रुटी उलट दिशेला जाते. मोजपात्रात, जिथे आकडे खालून वर वाढतात, तिथे परिणाम आणखी उलटा. दोन्ही वाचनं एकाच कोनातून घेतली, तर मात्र वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते. त्या दिवसापासून आमच्याकडे स्टूल कायमचं प्रयोगशाळेत आहे, आणि क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली घ्यायची मुभा सगळ्यांना आहे.

आता रंगाकडे येते. फिनॉल्फ्थॅलिनची गुलाबी छटा हवेत फार काळ टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, त्याला किंचित आम्लधर्मी करतो आणि रंग मावळतो. मुलं मागे वळून बघतात तर गुलाबी गायब. मग घाबरून आणखी दोन थेंब टाकतात. वाचन वाढलं. म्हणून छटा अर्धा मिनिट टिकली की तिथेच थांबायचं, नंतर ती गेली तरी तिच्यामागे जायचं नाही. चंबूखाली पांढरी फरशी किंवा कोरा कागद ठेवला की ही पहिली छटा पकडता येते. लाकडी टेबलावर ती दिसेपर्यंत एक-दोन थेंब पुढे गेलेले असतात.

आतापर्यंतच्या त्रुटी निदान प्रयोग करणाऱ्याच्या हातातल्या. एक त्रुटी अशी असते, की ती कितीही काळजी घेतली तरी दिसत नाही. कॉस्टिक सोड्याचं द्रावण बाटलीचं बूच सैल ठेवून राहिलं, तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्यातल्या काही सोड्याचं कार्बोनेट होतं. फिनॉल्फ्थॅलिन वापरताना असं द्रावण कमी पडतं, म्हणून ते जास्त लागतं. मुलगा तीनदा प्रयोग करतो, तिन्ही वेळा १०.४ येतं, आणि तो समाधानाने सीबीआरखाली रेघ ओढतो. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर ते तीनदा बघून वेळ बरोबर होत नाही, तसंच हे. वाचनं एकमेकांशी जुळणं आणि वाचन खरं असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हात थरथरणं, थेंब लहान-मोठा पडणं या त्रुटी कधी वर कधी खाली जातात आणि सरासरीत विरतात. द्रावणाचा, काट्याचा किंवा पद्धतीचा दोष नेहमी एकाच बाजूला ओढतो; सरासरी त्याला हातही लावू शकत नाही. म्हणूनच कॉस्टिक सोडा कधी वजन करून 'इतकाच' म्हणून वापरत नाहीत. त्याच्या गोळ्या तर वजन करता करता हवेतली ओल पिऊन घेतात. त्याची ताकद ऑक्झॅलिक आम्लासारख्या स्थिर, कोरड्या स्फटिकांशी पडताळून ठरवतात. प्रमाण द्रावण त्या आम्लाचं, सोड्याचं नव्हे, यामागचं कारण हे आहे. मुलं ते पाठ करतात. पावसाळ्यात घड्याळकाचेवर ठेवलेल्या गोळ्या पाच-दहा मिनिटांत ओल्या चकाकायला लागतात, तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवते.

दिशा कळली की आकार विचारायचा. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिचा. १० मिलिच्या वाचनात तो अर्धा टक्का. म्हणजे १०.० आणि ९.९५ यांच्यात भांडण करण्यासारखं काही नाही. पण उत्तर ९.४ आलं असेल आणि कारण म्हणून 'एक थेंब जास्त पडला' असं लिहिलं असेल, तर ते कारण दोनदा चुकलेलं आहे. जास्त थेंबाने वाचन वाढायला हवं, इथे घटलंय. आणि बारा थेंबांचा फरक एका थेंबाने भरून निघत नाही. उलटही होतं. काचेच्या भांड्यांवर २७ अंश सेल्सिअस असं छापलेलं दिसतं. आपल्यासारख्या उष्ण देशांसाठी मापनाचं हे संदर्भ तापमान. एका मुलाने मोठ्या अभिमानाने लिहिलं, की आज खोलीत ३२ अंश असल्यामुळे उत्तर चुकलं. त्रुटी खरी आहे, पाणी प्रसरण पावतंच. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. १० मिलिमागे फरक एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. त्याचा शोध शाबासकीलायक होता, पण त्याचं वाचन बिघडवणारं कारण दुसरं होतं. ते आम्हाला नरसाळ्यात सापडलं.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तिथे डोळे उघडे ठेवणाऱ्याला खूप काही मिळतं. हे द्रावण इतकं गडद जांभळं असतं, की त्याच्या पातळीचा खालचा बाक दिसतच नाही. म्हणून वरची कड वाचायची, आणि सुरुवातीला व शेवटी दोन्ही वेळा वरचीच. चंबूत ऑक्झॅलिक आम्ल आणि विरल सल्फ्युरिक आम्ल घेऊन ते ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतात. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट त्यातून क्लोरीन मोकळा करण्यातही खर्ची पडतं आणि वाचन वाढतं. नायट्रिकही चालत नाही. ते स्वतःच ऑक्सिडीकरण करतं, परमँगनेटचं काम आधीच उरकतं आणि वाचन घटतं. फार तापवलं तर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होऊ लागतं, म्हणजे पुन्हा घट. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर द्रावण रंगहीन होण्याऐवजी तपकिरी गढूळ होतं, मँगनीज डायऑक्साइडमुळे.

या प्रयोगात एका मुलीने कच्च्या वहीत लिहिलं होतं : 'पहिल्या थेंबाचा रंग जायला खूप वेळ लागला. नंतरचे थेंब पडताच रंग गेला.' आणि पुढे कंसात, 'माझं काहीतरी चुकलं असावं.' पुस्तकात हे वाक्य नव्हतं, म्हणून तिने पक्क्या जर्नलात ते उतरवलंच नाही. मला त्या दिवसाच्या साऱ्या वर्गात हेच निरीक्षण सगळ्यांत मोलाचं वाटलं. या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच अभिक्रियेचा वेग वाढवतात. सुरुवातीला ते नसतात, म्हणून पहिला थेंब रेंगाळतो. एकदा थोडे तयार झाले की पुढचा मार्ग मोकळा होतो. रसायनशास्त्रात याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात, आणि पदवीच्या वर्गात ते वेगळं शिकवतात. तिने ते शिकण्याआधी पाहिलं होतं. पहिल्या थेंबाचा रंग लगेच गेला नाही म्हणून 'झालं' असं समजून थांबणारेही असतात. त्यांचं वाचन जवळजवळ शून्य येतं आणि ते शेजाऱ्याचं उतरवून घेतात. एकाच घटनेकडे दोघांनी पाहिलं, एकीने लिहिलं.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे दिलेला क्षार ओळखण्याच्या तासाला, पाहिलेलं लिहिण्याचा हा प्रश्न आणखी उघडा पडतो. जर्नलात तीन रकाने असतात : चाचणी, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या रकान्यात मुलं लिहितात, 'क्लोराइड आढळला.' क्लोराइड कोणाला दिसत नाही. दिसतो तो सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर आलेला पांढरा, दह्यासारखा साका, जो अमोनियात विरघळतो. तेवढंच त्या रकान्यात जायला हवं. हा आग्रह कर्मठपणाचा नाही. अनुमान उद्या बदलू शकतं, पण निरीक्षण नीट नोंदलेलं असेल तर नवं अनुमान त्यावरून काढता येतं. निरीक्षणाच्या जागी अनुमानच लिहून ठेवलं, तर मागे जायला वाट उरत नाही.

ज्योत परीक्षा घ्या. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी, सोडियमची झगझगीत पिवळी. सोडियमचा लवलेश असला तरी तो पिवळा रंग जांभळ्याला पार गिळून टाकतो. आणि सोडियम येतो कुठून? बोटांच्या घामातून. क्षार ज्योतीत धरायची तार बोटांनी पुसली की ज्योत पिवळी. म्हणून तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीत धरून, रंग येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ करायची आणि मग निळ्या कोबाल्ट काचेतून पाहायचं. ती काच पिवळा प्रकाश अडवते, जांभळा येऊ देते. 'पिवळी ज्योत दिसली. काचेतून कडेला जांभळट' असं जो लिहितो त्याच्या नोंदीवरून मिश्रण ओळखता येतं. 'सोडियम' एवढंच लिहिणाऱ्याच्या नोंदीवरून येत नाही. नायट्रेटच्या चाचणीत येणाऱ्या तपकिरी कड्याचंही असंच. फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी केलेलं नसेल तर ते हवेने पिवळट पडलेलं असतं आणि नायट्रेट असूनही कडं येत नाही. 'कडं आलं नाही' यासोबत 'द्रावण पिवळट होतं' हे लिहिलं असेल, तर परीक्षकाला कारण सांगावं लागत नाही.

वजनाच्या प्रयोगांतला माझा आवडता प्रयोग मोरचुदाचा. निळे स्फटिक तापवले की त्यांतलं पाणी जातं आणि पांढरी भुकटी उरते. हिशेबाने २.५० ग्रॅममधून ०.९० ग्रॅम, म्हणजे ३६ टक्के वजन घटायला हवं. वर्गात २८ पासून ४० पर्यंत सगळी उत्तरं येतात आणि जवळजवळ प्रत्येकाची कथा सांगता येते. प्रत्येक घटकात पाण्याचे पाच रेणू. त्यांतले चार ११० अंशांच्या आसपास निघून जातात, पाचवा २०० च्या वर गेल्याशिवाय हलत नाही. २९ टक्क्यांच्या जवळ आलेलं उत्तर बहुतेक वेळा हेच सांगतं, की पाचवा रेणू अजून आत आहे. तडतडून कण बाहेर उडाले तर घट वाढते. अतिशय तापवून भुकटी काळवंडली तर पाण्यासोबत सल्फेटचंही विघटन झालं, म्हणजे पुन्हा वाढ. मूस, म्हणजे स्फटिक तापवायचं भांडं, गरम असतानाच वजन केलं तर तापलेली हवा वर उठते, ताटली हलकी भासते, आणि घट वाढलेली दिसते. उलट ती उघड्यावर थंड होऊ दिली तर जुलैतल्या आमच्या हवेत ती भुकटी पाणी परत ओढून घेते. कडेने निळसर झाक येते, ती डोळ्यांना दिसते. डेसिकेटर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं, त्यासाठीच असतो. तापवणं, थंड करणं, वजन करणं हा फेरा वजन स्थिर होईपर्यंत करायचा असतो, पण तास संपत आलेला असतो आणि दोनदाऐवजी एकदाच होतो. ही त्रुटीसुद्धा नाव घेऊन लिहावी : 'वेळेअभावी स्थिर वजनापर्यंत गेलो नाही, उत्तर खऱ्याहून कमी असण्याची शक्यता.' असं लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते.

मॅग्नेशियमची फीत जाळण्याचा प्रयोग शाळेतही होतो. ०.२४ ग्रॅम मॅग्नेशियमपासून ०.४० ग्रॅम ऑक्साइड यायला हवं. येतं नेहमी कमी. पांढरा धूर उडून जातो हे सगळे लिहितात. दुसरं कारण फार थोड्यांना माहीत असतं : तापलेलं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनशीही संयोग पावतं. तेच ०.२४ ग्रॅम पूर्णपणे नायट्राइड झालं, तर वजन जेमतेम ०.३३ ग्रॅम भरेल. म्हणून राखेवर पाण्याचे काही थेंब टाकून पुन्हा तापवायचं. त्या वेळी अमोनियाचा वास येतो, आणि ओला तांबडा लिटमस कागद वाफेवर धरला तर निळा होतो. वजनातली खोट नाकाने हुंगता येते असे प्रयोग थोडे. आणि याच मॅग्नेशियमच्या नायट्रोजन-ओढीने एका नव्या मूलद्रव्याच्या शोधाला हात दिला आहे.

इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले वायूंच्या घनता अतिशय बारकाईने मोजत होते. दोन लिटरहून थोडा कमी मावेल असा काचेचा गोळा, तो रिकामा करून तोलायचा, वायू भरून तोलायचा. ते किती काटेकोर होते याची एक खूण: गोळा निर्वात केला की बाहेरच्या हवेच्या दाबाने किंचित आकसतो, म्हणून त्याला हवेचा आधार किंचित कमी मिळतो, आणि त्यासाठी वजनात दुरुस्ती करायला हवी, हे त्यांनी दाखवून दिलं. रेन्योसारख्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाच्या मोजमापात ती राहून गेली होती. अशा माणसाला नायट्रोजनने अडवलं. हवेतून ऑक्सिजन काढून टाकून मिळवलेला नायट्रोजन गोळ्यात २.३१०२ ग्रॅम भरत होता. रासायनिक संयुगांपासून बनवलेला २.२९९० ग्रॅम. फरक साधारण ११ मिलिग्रॅमचा, अर्धा टक्का. आमच्या टायट्रेशनमधल्या एका थेंबाएवढा! पण त्यांच्या हाताच्या मानाने तो प्रचंड होता.

हा फरक सुरुवातीला हजारात एक इतकाच दिसला होता, कारण पहिल्या पद्धतीत नायट्रोजनचा काही भागच अमोनियातून येत होता, उरलेला हवेतूनच. तो झाकून टाकणं सोपं होतं. रॅले यांनी उलट केलं. हवेऐवजी ऑक्सिजन वापरून सगळाच नायट्रोजन अमोनियातून मिळवला आणि फरक मुद्दाम वाढवला. त्याआधी १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना उघडपणे विचारलं, की याचं कारण काय असेल. मग दिशेचा विचार सुरू झाला. संयुगांतला नायट्रोजन हलका भरतो, तर त्यात हायड्रोजनसारखा हलका वायू मिसळला असेल का? त्यांनी हवेतल्या नायट्रोजनमध्ये मुद्दाम हायड्रोजन मिसळला आणि त्याच शुद्धीकरणातून नेला. वजन बदललं नाही. हायड्रोजन आधीच निघून जात होता. ती शंका गेली. नमुना आठ महिने ठेवून पुन्हा तोलला. फरक तसाच. आता उरली दुसरी दिशा : हवेतल्या नायट्रोजनमध्येच काहीतरी जड आहे.

विल्यम रॅम्से यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियम तो शोषत गेलं आणि शेवटी थोडा वायू उरला, जो कशाशीच संयोग पावत नव्हता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्येच हवेत विजेच्या ठिणग्या पाडून असा एक छोटा बुडबुडा उरतो हे पाहिलं होतं, आणि तो नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून जास्त नाही हेही नोंदवून ठेवलं होतं. शंभराहून अधिक वर्षं ती नोंद तशीच पडून होती. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी नव्या वायूची घोषणा केली. हवेतलं त्याचं प्रमाण सुमारे एक टक्का, नाव अर्‌गॉन. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी ही गोष्ट वर्गात सांगते ती कॅव्हेंडिशच्या बुडबुड्यासाठी. त्याला त्याचं कारण ठाऊक नव्हतं. तरी त्याने तो लिहिला, आणि किती मोठा होता तेही लिहिलं.

आमच्या मुलांच्या हातून हे का होत नाही, याचं कारण मुलांत नाही. परीक्षेच्या दिवशी परीक्षकाकडे 'अपेक्षित वाचन' असतं, त्याच्यापासून जितकं दूर तितके गुण कमी. हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग पहिल्या टेबलावरचं वाचन कुजबुजत शेवटच्या टेबलापर्यंत पोचतं. काही जण तर गणित उलटं मांडतात : उत्तरापासून वाचनाकडे. कच्च्या वहीत पेन्सिलने लिहायचं, शेजाऱ्याशी ताडून खोडरबराने पुसायचं, पक्क्या जर्नलात १०.०, १०.०, १०.० असं सुबक उतरवायचं. ५० मिलिच्या उत्तम दर्जाच्या ब्युरेटलासुद्धा ०.०५ मिलिची सूट असते. चाळीस मुलांच्या चाळीस ब्युरेटी एकाच आकड्यावर थांबणं शक्य नाही. जे जर्नल सगळ्यांत स्वच्छ, त्यावर माझा विश्वास सगळ्यांत कमी बसतो, आणि हे मी खेदाने लिहिते, कारण ती मुलं आळशी नसतात. आपण त्यांच्याकडून जे मागतो, ते ती देतात.

माझ्या वर्गात पेन्सिल बंद आहे. वाचन थेट पेनाने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडलेल्या आकड्यापुढे कारण लिहायचं : 'नरसाळं काढायला विसरलो', 'रंग गडद झाला', 'बुडबुडा सुटला'. सुरुवातीला मुलांना हे जड जातं. दिवाळीपर्यंत ती स्वतःहून येऊन सांगतात, "मॅडम, माझं नऊ पूर्णांक सात आलंय, पण कमी का आलं ते मला माहितीये."

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांतले निम्मे तरी गुण वाचनाला न देता, आलेल्या वाचनाच्या खुलाशाला द्या. आणि पालकहो, मुलाच्या जर्नलात शेजाऱ्यापेक्षा वेगळा आकडा दिसला तर 'तुझंच का चुकलं?' असं विचारू नका. त्याला विचारा, चूक कुठून आली असेल, आणि तिने उत्तर कुठल्या बाजूला नेलं.